पौंड तोच, नोट वेगळी : तुमचा अनुभव काय?

ब्रिटनमध्ये पौंड एकच असला तरी नोटा एकाच बँकेच्या नसतात. बँक ऑफ स्कॉटलंड, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि क्लाइड्सडेल या स्कॉटलंडमधील तीन बँका स्वतःच्या नोटा काढतात, उत्तर आयर्लंडमधील काही बँकाही काढतात, आणि या सर्वांचे मूल्य बँक ऑफ इंग्लंडच्या नोटेइतकेच असते. या नोटा चालवताना किंवा बदलून घेताना आलेले अनुभव येथे लिहावेत, ही विनंती. सुरुवात मीच करते.

एडिंबरामध्ये शिकत असताना सुट्टीत दक्षिण इंग्लंडमधील एका गावी गेले होते. दुकानात रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडची दहा पौंडांची नोट पुढे केली, तिच्यावर मेरी सॉमरव्हिल या शास्त्रज्ञ बाईंचे चित्र आणि मागच्या बाजूस पाणमांजरांची जोडी. गल्ल्यावरच्या मुलीने ती उजेडात धरली, उलटीसुलटी केली आणि 'आमच्याकडे चालत नाही' म्हणून परत दिली. मागे रांग वाढत होती, म्हणून मुकाट्याने कार्ड काढले. पुढे कळले की ही नोट घेण्याची सक्ती कायदा कोणावरच करत नाही. इतकेच काय, काटेकोर अर्थाने स्कॉटलंडमध्ये कोणतीच नोट 'कायदेशीर चलन' (म्हणजे कर्ज फेडताना नाकारता न येणारे पैसे) नाही, बँक ऑफ इंग्लंडचीसुद्धा. तरीही तिथे तिला कोणी नाकारत नाही!

— लेस्टर (इंग्लंड) : मी गल्ल्याच्या पलीकडच्या बाजूने लिहितो. आमच्या दुकानात महिन्यातून एखादीच स्कॉटिश नोट येते, आणि खरी कशी दिसते हेच ठाऊक नसल्यावर खोटी ओळखायची कशी, ही नोकराची अडचण प्रामाणिक असते. उत्तर आयर्लंडमधील अल्स्टर बँकेची नोट तर उभ्या मांडणीची आहे. पहिल्यांदा हाती आली तेव्हा मी ती कूपन समजलो होतो. बँकेच्या खिडकीवर मात्र अशा नोटा बिनबोभाट जमा होतात. 2009 च्या बँकिंग कायद्यानुसार या बँकांना काढलेल्या नोटांच्या बदल्यात पूर्ण तारण ठेवावे लागते, आणि त्यासाठी बँक ऑफ इंग्लंडमध्ये दहा लाख व दहा कोटी पौंडांच्या नोटा असतात, ज्या बाजारात कधीच येत नाहीत. हे समजल्यापासून मी त्या नोटा घेतो. भावाला अजून पटलेले नाही.

— ठाणे : लेकीकडून परतताना सासऱ्यांच्या पाकिटात वीस पौंडांच्या तीन कागदी नोटा राहिल्या होत्या. परकीय चलन बदलून देणाऱ्याने त्यांतली बँक ऑफ इंग्लंडची एक ठेवून घेतली आणि स्कॉटलंडच्या दोन बोटाने आमच्याकडे सरकवल्या. त्या कपाटात पडून राहिल्या आणि 30 सप्टेंबर 2022 नंतर कागदी विसाच्या नोटा दुकानांतून बाद झाल्या. शेवटी लेकीने ग्लासगोला नेऊन त्या आपल्या खात्यात भरल्या. आता कोणी तिकडून निघाले की आम्ही आधीच सांगतो, निघण्यापूर्वी तिथल्याच बँकेतून इंग्लंडच्या नोटा मागून घ्या.

— ब्रिटनचा भाग नसलेल्या, पण पौंडाच्या स्वतःच्या नोटा काढणाऱ्या जर्सी बेटावर दोन वर्षे नोकरी केली. तिथे बँक ऑफ इंग्लंडची नोट सहज चालते, जर्सीची नोट मात्र लंडनमध्ये चालत नाही. तिथल्या एक पौंडाच्या कागदी नोटेवर मी लंडनमध्ये एकदा चहाही मिळवू शकलो नाही. ती अजून पासपोर्टच्या कव्हरात आहे.