नियो जिओ बोर्डावर बॅटरी गळली, ‘बॅकअप रॅम एरर’ येतोय. रॅम बदलू की ट्रॅक (बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा) बघू? (सोलापूर)

जॉयस्टिक_सोलापूर
नमस्कार मंडळी. एका स्लॉटचा नियो जिओ एमव्हीएस हा आर्केड व्हिडिओ गेमचा बोर्ड आहे, एमव्ही-१एफ. ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी गळून भोवतीचा दीड-दोन इंच भाग हिरवा-पांढरा झालाय. जामा कनेक्टरवर (कॅबिनेटमधून बोर्डाला वीज येते तो जोड) ५.०२ व्होल्ट मिळतात, चित्र स्वच्छ आहे, पण ‘बॅकअप रॅम एरर’ (बॅटरीवर माहिती टिकवणाऱ्या रॅमचा) दाखवून बोर्ड तिथंच थांबतो. पत्ता डी०००००, लिहिलं ५५५५, वाचलं ५५एफएफ. बॅटरी कापून काढली आहे. थेट रॅम बदलू का? आणि कुठलं सामान गावात भागेल, कुठलं बाहेरून आणावं लागेल?

गड्डा_गेमर
मालक, आधी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशनं घासून घ्या. सगळं निघतंय बघा.

डागवाला
सोडा अजिबात नको. सोडा गाडीच्या बॅटरीला, कारण तिथं आम्ल असतं. निकेल-कॅडमियममध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे अल्कली. त्यावर सोडा टाकून काही साधत नाही. इथं सौम्य आम्ल हवं: किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर. तांब्याचा हंडा चिंचेनं लख्ख होतो हे खरं, पण चिंचेचा चिकटा बोर्डावर राहतो, तो मोह टाळा.

कापसाच्या काडीनं फक्त बाधित भागावर व्हिनेगर लावा. पांढरी भुकटी फसफसेल. पाच मिनिटांनी पुसून पुन्हा लावा आणि फसफस थांबली की डिस्टिल्ड वॉटरनं धुवा. बोअरचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार वाळून पुन्हा बोर्डावर बसतात. शेवटी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. वाळवायला पंखा बरा. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन फुकट असलं तरी बोर्डावर काचेची खिडकी असलेला एपिरॉम असेल आणि वरचं स्टिकर निघालेलं असेल, तर थेट उन्हात काही दिवसांत त्यातला प्रोग्रॅम पुसला जाऊ शकतो.

मग भिंग घ्या. हिरव्या थराखाली ट्रॅक काळा दिसला, तर फायबरग्लास पेननं थर खरवडून चकचकीत तांबं लागेपर्यंत जा. गंजलेल्या पायावर जुना डाग (सोल्डर) वितळत नाही. सोल्डरिंगची इस्त्री तापवत बसलात की पॅड (पाय जिथं डागलेला असतो ती तांब्याची टिकली) उचलून येतो. आधी खरवडा, फ्लक्स लावा, ६३/३७ चा ताजा डाग द्या, आणि मगच पंपानं ओढा. ३४० अंशांच्या आसपास पुरे.

सर्वांत फसवे ते व्हाया, म्हणजे बोर्डाच्या दोन बाजू जोडणारी बारीक भोकं. अल्कली भोकातून खालच्या बाजूला झिरपते. वरून पॅड ठीक दिसतो, पण आतली नळी खाल्लेली असते. प्रत्येक व्हाया दोन्ही बाजूंनी मल्टिमीटरच्या बझरवर तपासा. तुटलेल्यात वायरीचा एक केस ओवून वर-खाली डाग द्या. जोडणीला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातली एनॅमलची तार चालते, ३६ गेज. यंत्रमागांच्या गावात ती मिळायची अडचण नाही, फक्त टोकाचं एनॅमल नीट खरवडा. फायबरग्लास पेन आणि चांगला फ्लक्स मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडहून किंवा ऑनलाइन मागवा.

बिट_०
आता आकड्यांकडे या. ५५५५ चं ५५एफएफ झालं, म्हणजे वरचा बाइट शाबूत आणि खालचा पूर्ण गेलेला. ५५५४ आलं असतं तर एकाच डेटा लाइनवर संशय घेतला असता. अख्खा बाइट एफएफ आला की रॅम मेली असं लगेच ठरवू नका. बहुधा त्या रॅमला वीज नाही किंवा तिला कुणी जागं करत नाही.

बॅकअप रॅम दोन आहेत, ६२२५६ जातीच्या, २८ पायांच्या. पाय २८ वीज, १४ ग्राउंड, २० चिप सिलेक्ट, २२ आउटपुट एनेबल, २७ राइट. बोर्ड चालू करून दोन्हींच्या पाय २८ वर व्होल्टेज मोजा. मग बंद करून दोन्ही रॅमचे पाय १ ते १०, २१, २३ ते २६ आणि १४, २८ समोरासमोर बझरवर लावा. ॲड्रेस आणि वीज दोघींना सामाईक असते, त्यामुळे सर्किट डायग्रॅम नसला तरी हे जमतं. डेटाचे पाय (११ ते १३, १५ ते १९) वेगवेगळे असतात, ते जुळले नाहीत म्हणून घाबरू नका.

जॉयस्टिक_सोलापूर
धुऊन मोजलं. एका रॅमच्या पाय २८ वर ४.७ व्होल्ट, दुसरीवर ०.९. ॲड्रेसचे सगळे पाय जुळतात. पाय २८ ते २८ बझर वाजत नाही.

बिट_०
सापडलं की मग! पाय २८ ते २८ खालच्या बाजूनं तार टाका. रॅमला हात लावू नका.

गड्डा_गेमर
सोड्याचं चुकलं, मान्य. आता बॅटरीच्या जागी सीआर२०३२ बसवली तर?

डागवाला
तशीच नको. बोर्ड जुन्या बॅटरीला चार्ज करतो आणि सीआर२०३२ चार्ज होणारी नाही, फुगेल किंवा फुटेल. चार्जिंगचा रेझिस्टर काढा आणि १एन४१४८ डायोड घाला, पट्ट्याची बाजू सर्किटकडे. मग बोर्ड बंद असताना पाय २८ मोजा. माहिती टिकायला रॅमला किमान २ व्होल्ट लागतात, २.३-२.४ मिळाले की निश्चिंत. नाहीतर ३.६ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी वायरवर घेऊन कॅबिनेटला बांधा, म्हणजे पुढे गळली तरी बोर्ड वाचेल.

खरं तर बॅटरी नसली तरी हा बोर्ड चालतो. हायस्कोअर, सेटिंग आणि घड्याळ जातं, एवढंच. ही सवलत कॅपकॉमच्या सीपीएस-२ या आर्केड बोर्डाला लावू नका. त्याच्या डिक्रिप्शनच्या किल्ल्या बॅटरीवरच्या रॅममध्ये असतात, बॅटरी संपली की गेम बंद.

जॉयस्टिक_सोलापूर
तार टाकली, रॅमचा एरर गेला. आता ‘कॅलेंडर एरर’.

बिट_०
तो घड्याळाचा आयसी, ४९९०. शेजारच्या ३२.७६८ किलोहर्ट्झ क्रिस्टलचे पाय केसासारखे असतात, अल्कलीनं पहिले तेच जातात. क्रिस्टल पाच-दहा रुपयांचं असतं, सरळ बदला. तरी एरर राहिला तर आयसीच्या वीजपुरवठ्याचा ट्रॅक बझरवर घ्या. तोही बहुधा त्याच हिरव्या पट्ट्यातून जात असेल.