कोकणातील घरासाठी पोर्टेबल पॉवर स्टेशन: किती क्षमतेचे घ्यावे?

प्रश्न:
श्रीवर्धनजवळच्या घरी माझे आईवडील दोघेच राहतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर तेथे कित्येक दिवस वीज नव्हती आणि वडिलांचे इन्सुलिन थंड ठेवण्यासाठी आम्हाला बर्फ शोधत फिरावे लागले. फ्रिज, दोन पंखे, चार दिवे आणि विहिरीवरील १ अश्वशक्तीचा पंप यांसाठी २ किलोवॅट-तासांचे, म्हणजे २ युनिट वीज साठवणारे पोर्टेबल पॉवर स्टेशन (बॅटरी आणि इन्व्हर्टर एकत्र असलेले, हलवता येणारे यंत्र) पुरेल का?

पहिला प्रतिसाद:
पंप वगळल्यास एक दिवस जेमतेम पुरेल. लहान फ्रिजला दिवसाला साधारण १ युनिट लागते, ३० वॅटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे दहा तासांत ०.६ युनिट घेतात, आणि काही वीज इन्व्हर्टरमध्येच खर्ची पडते. पंपाची मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, त्यामुळे केवळ साठवण न पाहता क्षणिक भार पेलण्याची क्षमताही तपासावी. माझ्या मते, वादळाचा इशारा मिळताच टाकी भरून ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे.

दुसरा प्रतिसाद:
बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटचीच घ्यावी; ती उष्णतेत अधिक स्थिर असते आणि हजारो वेळा चार्ज करता येते. सौर पॅनेल जोडताना त्यांचे एकत्रित व्होल्टेज यंत्राच्या मर्यादेत ठेवावे. मात्र ऐन पावसाळ्यात, म्हणजे गरज असते नेमके तेव्हा, पॅनेलवर विसंबू नये.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. पंप वगळतो आणि जादा बॅटरी जोडता येईल असेच यंत्र पाहतो.