नियम आहेत, पण ते घरच्या गटांपर्यंत पोहोचत नाहीत

समाजमाध्यमांवरील निवडणूक प्रचाराला कोणतेच नियम नाहीत, असे मत मांडले जाते; त्याच्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्येच उमेदवारांना आपली खाती प्रतिज्ञापत्रात नमूद करण्यास, तेथील जाहिराती पूर्वप्रमाणित करून घेण्यास आणि त्यांचा खर्च हिशेबात दाखवण्यास सांगितले होते. खरी अडचण या कक्षेबाहेर राहणाऱ्या मजकुराची आहे. मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत जाहीर सभा थांबतात, परंतु नातेवाइकांच्या किंवा गावाच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणाऱ्या निनावी चित्रफिती थांबत नाहीत, आणि त्या काका-मामांकडून आलेल्या असल्याने जाहिरातीपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून पाच निरपराध माणसांचे बळी गेले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. ती घटना निवडणुकीची नव्हती, हे खरे, पण ज्या वाटेने अफवा जाते, त्याच वाटेने प्रचारही जातो. म्हणून केवळ अधिकृत खात्यांवर लक्ष ठेवणे मला अपुरे वाटते. कार्यकर्त्यांकरवी चालवल्या जाणाऱ्या गटांची माहितीही उमेदवारांकडून मागितली जावी.