सोबतीची माणसं शपथपत्रात शोधा
'निवडणुकीतल्या उमेदवाराला त्याच्या गोतावळ्यावरून ओळखा' असं म्हणतात, पटतंही. पण व्यासपीठावर कोण बसलंय त्यावरून काही कळत नाही. तिथे हौशेगवशेही असतात. उमेदवारी अर्जासोबतचं नमुना 26 (फॉर्म 26) शपथपत्र उघडा, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. त्यात जोडीदार आणि अवलंबितांची मालमत्ता असते, शिवाय जोडीदाराच्या उत्पन्नाचा स्रोत आणि उमेदवार, जोडीदार व अवलंबितांची सरकारी कंत्राटंही द्यावी लागतात. गोम 'अवलंबित' या शब्दात आहे: स्वतःचं उत्पन्न नसलेला, उमेदवारावर विसंबून असलेला तोच. कमावता मुलगा, भाऊ, मेव्हणा यांचा हिशेब सहसा या रकान्यांत येतच नाही, आणि खरी ठेकेदारी तिथेच असू शकते.

म्हणून एकूण संपत्तीचा आकडा सोडा, दोन ठिकाणं बघा: कुणाला उसने दिलेत आणि कुणाकडून घेतलेत. बँकेऐवजी एखाद्या व्यक्तीकडून किंवा खासगी कंपनीकडून मोठं कर्ज असेल तर त्या कंपनीचे संचालक कंपनी नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर तपासा. आडनाव जुळलं म्हणून लगेच निष्कर्ष नको, नावांचे योगायोग भरपूर असतात. मागच्या निवडणुकीचं शपथपत्रही शेजारी ठेवा. तेच कर्ज फेड न होता पाच वर्षं तसंच असेल, तर देणाऱ्याचा धंदा काय ते आधी शोधा.