अंटार्क्टिका करार २०४८ला संपतो का?

रानपाखरू:
परवा फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ आला, त्यात छातीठोकपणे सांगितलंय की २०४८ला अंटार्क्टिकाचा करार संपणार आणि मग ज्याला हवं त्याने तिथे खाणी खणाव्यात. मुलगी शेजारीच होती, म्हणाली "मग पेंग्विन कुठे जातील?" मला काही सांगताच येईना. कुणाला नीट माहितीये का?

दर्यावर्दी:
नाही हो, संपत नाही. मूळ करार १९५९चा, त्याला मुदतच घातलेली नाही. खाणबंदी आहे ती माद्रिद प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे पर्यावरण जपायला त्या कराराला जोडलेल्या नियमांत, सह्या १९९१च्या, लागू १४ जानेवारी १९९८. त्यातलं कलम ७ एका वाक्याचं आहे, संशोधन सोडून खनिजांसाठी काहीही करायचं नाही, बस्स. २०४८ म्हणजे लागू झाल्यापासून ५० वर्षं, तेव्हा कुठलाही सल्लागार देश (म्हणजे करारात निर्णयाचा हक्क असलेला) फेरविचाराची परिषद बोलवा असं म्हणू शकतो, तेवढंच. आणि समजा बदल मंजूर झालाच तरी तो अमलात यायला १९९१ला जे २६ सल्लागार देश होते त्या सगळ्यांची मान्यता लागते, त्यात आपणही आहोत.

सडावाला:
दर्यावर्दींचं बरोबर आहे, पण एक पळवाट आहे ती पण सांगा ना. खाणबंदीतला बदल मंजूर होऊन ३ वर्षांत लागू झाला नाही तर कुठलाही देश प्रोटोकॉल सोडतो म्हणून कळवू शकतो आणि २ वर्षांनी मोकळा होतो. मला त्याहून जास्त खुपतं ते नुकसानभरपाईचं. १९८९ला अर्जेंटिनाचं बाहिया पाराईसो जहाज अंटार्क्टिकातल्या पामर या अमेरिकी संशोधन केंद्राजवळ खडकावर आपटलं, सुमारे ६ लाख लिटर डिझेल समुद्रात गेलं. अशा वेळी साफसफाईचा खर्च कुणी द्यायचा ते ठरवणारं प्रोटोकॉलचं सहावं परिशिष्ट २००५ला स्टॉकहोमला मंजूर झालं, आणि अजून लागू नाही!! इतकी वर्षं कसली वाट बघतायत?

मी वास्कोचा, ध्रुवीय संशोधन केंद्र आमच्या इथेच आहे, एकदा मोहिमेवर जायला मिळालं. उतरायच्या आधी जॅकेटचे खिसे, बुटांचे तळवे, सगळं ब्रशने साफ, व्हेल्क्रोत अडकलेलं बी चिमट्याने उपटून काढायचं. बाहेरचं गवत तिथे रुजू नये म्हणून, हे पण प्रोटोकॉलमधलंच. कुत्रे तर १९९४पासून नेताच येत नाहीत.

रानपाखरू:
खूप आभार दोघांचे. मुलीला बियांचं वाचून दाखवलं तर उठून तिने स्वतःच्या सँडलचा व्हेल्क्रो तपासला, चार कुसळं निघाली, ती आता डबीत ठेवलीयेत.