लोकेशन साठवायचं कसं: बिंदू, आकार की ‘बाळीवेस’?

अक्षांश१७ (धागाकर्ता)

मोबाईल नेटवर्ककडून येणाऱ्या लोकेशनसाठी टेबलात अक्षांश, रेखांश, त्रिज्या असे तीन कॉलम टाकायचे आणि मोकळं व्हायचं, अशी सगळीकडे रीत आहे. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेसाठी हरवलेली माणसं, रुग्णवाहिका, वाहतुकीचे इशारे अशी सेवा उभी करायची तर ही रीत मोडावी, असं माझं मत. फोन जिथे असू शकतो त्या जागेचा नेटवर्क जो आकार देतं तोच साठवा. बिंदू लागेल तेव्हा त्यातून काढता येतो, उलटं होत नाही.

समजा सात रस्त्याजवळ ४जी टॉवर आहे, १२० अंशांचे तीन सेक्टर. टायमिंग ॲडव्हान्स (सिग्नलला लागणाऱ्या वेळेवरून टॉवरपासूनचं अंतर सांगणारा आकडा) २० आला. एक पायरी साधारण ७८ मीटरची, म्हणजे फोन टॉवरपासून १५६० ते १६४० मीटरच्या पट्ट्यात. सेक्टरपुरता हा कंस भरतो सुमारे ०.२६ चौरस किमी. तोच वर्तुळात बसवायचा तर केंद्र कंसाच्या मध्यावर आणि त्रिज्या १.६ किमी घ्यावी लागते. क्षेत्र झालं ८ चौरस किमी. शोधायची जागा तीसपट वाढली आणि खुद्द टॉवर वर्तुळाच्या काठावर आला, जिथे फोन नाही हे आपल्याला आधीच माहीत होतं!

मोबाईल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या ३जीपीपीच्या २३.०३२ मानकात यासाठी आकार ठरलेले आहेत: बिंदू, वर्तुळ, लंबवर्तुळ, ३ ते १५ कोपऱ्यांचा बहुभुज, कंस. कंसाला आतली त्रिज्या ५ मीटरच्या पटीत, कोन २ अंशांच्या पटीत, शिवाय फोन त्या आकारात असण्याच्या खात्रीची टक्केवारी. आयतं मिळतंय ते फेकायचं कशाला?

शेंगाचटणी

असहमत. हे ऑपरेटरच्या आत बसलेल्याला ठीक आहे. बाहेरच्या सेवेला कंस देतो कोण? अँड्रॉइडवर सेलची (टॉवरच्या एका सेक्टरची) माहिती मागितली तर टायमिंग ॲडव्हान्सची जागा असते, पण बऱ्याच हँडसेटवर ती रिकामी येते. ॲपच्या हातात पडतं ते जीपीएस, वायफाय आणि सेल यांचं मिश्रण, तेही बिंदू आणि अचूकता याच रूपात. जे येतच नाही त्याच्यासाठी टेबल फुगवायचं, मग दर क्वेरीत बहुभुज छेदत बसायचं, आणि गर्दीच्या संध्याकाळी सर्व्हरने मान टाकायची.

अक्षांश, रेखांश, त्रिज्या, वेळ, स्रोत एवढे पाच कॉलम ठेवा. शोधासाठी एच३ची (नकाशा षटकोनांत वाटणारी पद्धत) षटकोनी जाळी, पातळी ९ (एक षटकोन साधारण ०.१ चौरस किमी). ८०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ वीस ते तीस षटकोनांत बसतं आणि इंडेक्स साध्या आकड्यावर चालतो.

अक्षांश१७

त्रिज्या म्हणजे किती टक्क्यांची? अँड्रॉइड देतो ती ६८ टक्क्यांची. म्हणजे दर तीन फोनांतला एक वर्तुळाबाहेर असतो, आणि ते नियमाला धरूनच आहे. ९५ टक्के हवे असतील तर त्रिज्या साधारण १.६ने गुणावी लागते, ५० मीटरचे ८० होतात. खात्रीचा कॉलम तुमच्या पाचांत नाही. दोन स्रोतांच्या त्रिज्या एकाच कॉलमात आल्या की त्यांची तुलनाच खोटी ठरते.

दुसरं, नेटवर्ककडून त्रिज्या मीटरमध्ये येत नाही, ० ते १२७ असा कोड येतो. सूत्र: १० × (१.१चा कोडाइतका घात − १). कोड ५३ म्हणजे सुमारे १५५० मीटर. तो सरळ ‘५३ मीटर’ म्हणून टेबलात गेला तर नकाशा देखणा दिसतो आणि रुग्णवाहिका भलत्याच पेठेत जाते. ही चूक पकडायला मूळ कोड शेजारच्या कॉलमात असावा.

शेंगाचटणी

खात्रीचा कॉलम मान्य, सहा करा. आकाराचं अजून पटलेलं नाही.

कडकभाकरी

तुम्ही दोघे भूमितीतच अडकलात. रुग्णवाहिकेचा चालक ‘१७.६६, ७५.९१’ असं विचारत नाही. तो विचारतो, बाळीवेस की विजापूर वेस? नावांची उतरंड लागते: जिल्हा, तालुका, पेठ, चौक, खूण. ‘होम मैदानात कोण आहे’ याचं उत्तर नावाच्या मॉडेलमध्ये एका ओळीत मिळतं.

नाहीतर टपाल खात्याचा डिजीपिन (जागेचा डिजिटल पत्ता) घ्या. दहा अक्षरं, चार मीटरचा चौकोन.

अक्षांश१७

८०० मीटरच्या अंदाजाला चार मीटरचा चौकोन चिकटवणं म्हणजे खोटी अचूकता. पहिली सहाच अक्षरं ठेवलीत तर चौकोन साधारण एक किमीचा होतो, ते चालेल. पण फोन चौकोनाच्या कडेला असेल तर शेजारचे आठही चौकोन तपासावे लागतील. एच३लाही कडेचा हा त्रास आहेच, फक्त शेजारी सहा.

नावं हवीतच, पण चालकाला दाखवण्यापुरती. बाळीवेस नेमकी कुठे संपते याची रेघ दोन सोलापूरकर सारखी काढणार नाहीत. नावाला बहुभुज जोडा, तो कधी बदलला ती तारीख टाका, आणि ‘आत आहे’ऐवजी ‘आत असण्याची शक्यता ७० टक्के’ असं उत्तर द्या. ते काढायला आकारच लागतो, शेंगाचटणी.

भीमाकाठ

आकाराच्या वादात मुळातला कच्चा माल राहून गेला. सेलचा पत्ताच चुकला तर कंस काय आणि वर्तुळ काय, दोन्ही सारखेच वाया.

यात्रेत चाकांवरचा तात्पुरता टॉवर उभा राहतो. त्याच्या सेल क्रमांकापुढे आधीच्या मुक्कामाचे अक्षांश-रेखांश राहिले असतील तर होम मैदानातला माणूस दुसऱ्या तालुक्यात दिसतो. म्हणून सेलच्या टेबलात ‘कधीपासून, कधीपर्यंत’ हे दोन कॉलम हवेतच, आणि जुनी नोंद पुसायची नाही.

एमएनसी (ऑपरेटरच्या नेटवर्कचा कोड) आकडा म्हणून साठवू नका, मजकूर म्हणून साठवा. भारतात ४०५ या देशाच्या कोडापुढे कुठे दोन अंकी एमएनसी आहे, कुठे तीन अंकी. आकडा केलात की ‘०३’चं ‘३’ होतं आणि जोडणी तुटते. ४जीचा सेल क्रमांक २८ बिटांचा, ५जीचा ३६ बिटांचा. ३२ बिटांचा कॉलम ठेवलात तर ५जीचे क्रमांक मावणार नाहीत, आणि काही डेटाबेस तक्रार न करता ते कापून टाकतात.

आता अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे या. भीमेच्या अलीकडे उभा असलेला फोन पलीकडचा कर्नाटक दूरसंचार मंडळाचा सेल पकडू शकतो. ११२चा कॉल सेलवरून वळवला तर तो शेजारच्या राज्याच्या केंद्रात जाऊ शकतो. तिथे ‘कोणत्या सेलवर’ आणि ‘कुठे’ हे दोन वेगळे कॉलम ठेवा, आणि दोघांचं राज्य जुळत नसेल तर नोंदीवर खूण करा.

शेंगाचटणी

भीमाकाठ, ११२पुरतं बोलायचं तर कंस ठेवायला माझी हरकत नाही, तिथे नेटवर्कच लोकेशन देतं. वाहतुकीच्या इशाऱ्याला मात्र सहा कॉलम आणि षटकोनच. दोन्हींना एकच टेबल कशाला?

भीमाकाठ

एकच नको. मूळ माप जसं आलं तसं एका टेबलात, त्यावर फक्त भर घालायची. दुसऱ्यात त्यातून काढलेले षटकोन, दर नोंदीला मूळ मापाचा क्रमांक. सेलचा पत्ता सुधारला की दुसरं टेबल पुन्हा भरता येतं. मूळ माप किती दिवस ठेवायचं ते मात्र सेवा सुरू करण्याआधी लिहून काढा. २०२३चा डेटा संरक्षण कायदा आहे, आणि काम संपल्यावर कोण कुठे होतं याचा साठा बाळगायचं कारण उरत नाही.

कडकभाकरी

आणि चौकाचं नाव कुठल्या टेबलात?

भीमाकाठ

तिसऱ्या. बहुभुज आणि तारखेसकट.