बडोद्यात फोटो बूथ आणि कार्यक्रमाचं सामान भाड्यानं द्यायचा धंदा: प्रिंटवाला घ्यावा की 360?

मांजलपूरकर
नमस्कार मंडळी. मी मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) नोकरी करते, नवरा फोटोग्राफीची कामं घेतो. घरात कॅननचा डीएसएलआर, दोन लाईट आणि ट्रायपॉड आहे. तुळशीच्या लग्नानंतरच्या सराईत फोटो बूथ सुरू करायचं आमचं पक्कं आहे. हाताशी दोन लाख आहेत, त्यापुढे कर्जच. डेकोरेशनवाले म्हणतात, 360 घ्या (माणसाभोवती कॅमेरा फिरवून व्हिडिओ काढणारा), पोरांना तोच हवा असतो. सासरे म्हणतात, फोटो तिथेच छापून देणारा प्रिंटवाला घ्या, हातात कागद पडला तरच लोक पैसे देतात. आपल्या मराठी लग्नांत हे चालतं का, की फक्त पार्टी प्लॉटवर (कार्यक्रमांच्या भाड्याच्या लॉनवर)? दर कसा ठरवायचा? या धंद्यात असलेल्यांनी कृपया मोकळेपणानं सांगावं.

पार्टीप्लॉट_वाघोडिया
ताई, प्रिंटवाला विकत घ्या, 360 मागणी आली की भाड्यानं आणून लावा. सासऱ्यांचं बरोबर आहे. पण त्याआधी हिशेब बघा, कारण पैसा बूथमध्ये नाही, टेम्पोच्या एका फेरीत किती वस्तू जातात त्यात आहे.

आकडे धरून सांगतो, तुमचे तुम्ही घाला. एका घोळक्याला आत येऊन, चष्मे-टोप्या चढवून, फोटो काढून बाहेर पडायला दीड मिनिट लागतं. म्हणजे तासाला 40 घोळके, तीन तासांत 120, आणि दोन प्रती दिल्या तर 240 प्रिंट. कागद, रिबन, कव्हर धरून प्रिंट 15 रुपयांना पडली तर 3,600. छोटा हत्ती (टेम्पो) 1,500, दोन मुलांचे 1,600. झाले 6,700. तुम्ही 12,000 घेतलेत आणि डेकोरेशनवाल्यानं 15 टक्के कापले, तर हातात 3,500. दोन लाख वसूल व्हायला 58 तारखा लागतील. त्याच टेम्पोत दिव्यांची मोठी अक्षरं आणि निऑनची नावाची पाटी टाकून 4,000 जास्त घेतलेत तर फेरीचा खर्च तोच, फक्त कमिशन 600 वाढेल. हातात 6,900, आणि वसुली 29 तारखांत. अक्षरं-पाटीचा खर्च वेगळा आहे, पण तो प्रिंटरच्या मानानं थोडा आणि एकदाचाच. भाड्याचं सामान जोडधंदा म्हणून ठेवू नका, पहिल्या दिवसापासून बूथसोबतच विका.

तारखा मोजूनच कर्जाचं ठरवा. आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न हे चार महिने लग्नं बंद. डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत (संक्रांतीपर्यंत) कमुरतां, म्हणजे लग्नाला मुहूर्त नसलेले दिवस. मग मार्चच्या मध्यापासून महिनाभर पुन्हा मुहूर्त नाहीत. म्हणजे हप्ता बारा महिन्यांचा आणि कमाई जेमतेम सहा महिन्यांची. मात्र कमुरतांतच परदेशातली मंडळी नाताळच्या सुट्टीत घरी आलेली असतात. आणंद-नडियाद पट्ट्यात त्यांचे लग्नाचे वाढदिवस, आई-वडिलांच्या पंचाहत्तऱ्या असतात. ते काम धरलंत तर तो महिना रिकामा जाणार नाही.

प्रिंटर डाय-सब्लिमेशनचाच (रिबनवरचा रंग उष्णतेनं कागदावर उतरवणारा) हवा, शाई फवारणारा इंकजेट नको. डीएनपी कंपनीच्या आरएक्स1 एचएस प्रिंटरमध्ये 4 बाय 6 च्या एका रोलमध्ये 700 प्रिंट निघतात, आणि एक प्रिंट साधारण बारा सेकंदांत हातात. रिबन आणि कागद मोजून जोडीनं येतात, त्यामुळे रोलच्या किमतीला 700 नं भागलं की दर कळतो. कॅननच्या सेल्फी मालिकेतले छोटे प्रिंटर घरी छान, पण ट्रेमध्ये 18 कागद मावतात आणि छापताना कागद चार वेळा आतबाहेर होतो: पिवळा, किरमिजी, निळा, वरून पारदर्शक थर. अर्धवट रंगलेला कागद बाहेर दिसला की पाहुण्यांचा हात आपोआप ओढायला जातो, आणि कागद अडकतो. बूथवर तो नकोच.

कॅमेराबाई
वरच्या हिशेबाशी सहमत. 360 बद्दल थोडं वेगळं सांगते. साखरपुडा, संगीत, कॉलेजचा फेअरवेल इथे 360 खरंच धावतो. पण त्याच्याजवळ एक माणूस फक्त लक्ष ठेवायला लागतो. कॅमेऱ्याचा दांडा गरागरा फिरत असतो, प्लॅटफॉर्मवर चनियाचा (घागऱ्याचा) घेर, शालूचा पदर, खाली लहान मुलं. पदर खोचून, मुलांना मागं सारून मगच बटण दाबायचं. हा जादा माणूस दरात धरत नसाल तर घेऊ नका.

मराठी घरांबद्दल विचारलंत. लग्न लागतं दिवसा, कार्यालयात जेवणं उरकून लोक निघतात, तिथे बूथ ओस पडतो. संध्याकाळच्या रिसेप्शनला लावा. याहून चांगलं काम मुंजीत, डोहाळजेवणात आणि सहस्रचंद्रदर्शनात आहे, आणि ते कोणी मागायला जात नाही. आजोबांना बूथपर्यंत चालवत नेऊ नका, बूथच त्यांच्या खुर्चीशी न्या. कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा, पाठीमागं साधा एकरंगी पडदा. येईल तो शेजारी टेकतो, फोटो निघतो. एक प्रिंट पाहुण्याला, दुसरी जाड पानांच्या वहीत चिकटवायची आणि खाली त्याच्याच हातानं दोन ओळी लिहून घ्यायच्या. कार्यक्रम संपला की वही घरच्यांच्या हाती. वहीचे पैसे वेगळे लावा, लोक आनंदानं देतात. माझी पुढची बहुतेक कामं त्या वहीमुळे आली आहेत.

आणि ताई, बूथवर बसणारा मुलगा बोलका हवा. आत्याबाईंना हाक मारून आत आणणारा असेल तर रांग लागते. नाही तर तीन तास लोक लांबूनच बघतात.

पार्टीप्लॉट_वाघोडिया
वहीचं शंभर टक्के खरं.

विजेचंही सांगून ठेवतो. लॉनवर वीज गेली की जनरेटर चालू होईपर्यंत मधे काही सेकंद अंधार असतो. तेवढ्यात चालू प्रिंट बाद आणि लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर पुन्हा उघडा. प्रिंटर ओढेल तेवढा भार पेलणारा यूपीएस घ्या, घरच्या कॉम्प्युटरचा छोटा पुरणार नाही. कॅमेऱ्याला बॅटरीऐवजी डमी बॅटरीचा ॲडॅप्टर (थेट विजेवर चालवणारा) लावा, कारण लाईव्ह व्ह्यूवर, म्हणजे स्क्रीनवर सतत चित्र दाखवताना, बॅटरी फार वेळ टिकत नाही. डिसेंबरात उघड्या लॉनवर रात्री दव पडतं, कागदाचा रोल आणि पडदा प्लास्टिकखाली ठेवा. धूळ रिबनवर बसली की प्रत्येक फोटोत पांढरे ठिपके येतात, म्हणून प्रिंटर जमिनीवर कधी ठेवू नका.

गर्दीत मोबाईलचं नेटवर्क रडतं. क्यूआरनं फोटो देणार असाल तर आपला राउटर न्या, किंवा यजमानांना दुसऱ्या दिवशी लिंक पाठवू असं आधीच सांगा.

हिशेबनीस_रावपुरा
कागदपत्रांचं थोडक्यात. सेवेची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. घरगुती कार्यक्रमवाले वरचे 18 टक्के द्यायला तयार नसतात, म्हणून घाई करू नका. कंपन्यांची कामं वाढली तर मात्र त्या जीएसटीचं बिल मागतातच. कंपनी टीडीएस (आगाऊ आयकर) कापून पैसे देते, तो आयकराच्या पोर्टलवर तुमच्या नावावर दिसतो का बघत जा आणि रिटर्न भरून जमा करून घ्या. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची) सरकारी पोर्टलवर फुकट होते, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. सरकारच्या मुद्रा कर्जयोजनेत 50 हजारांपर्यंतचा गट शिशु, त्यापुढे 5 लाखांपर्यंत किशोर. माझं मत: पहिली सराई कर्जाशिवाय काढा.

मांजलपूरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. मुंजी आणि सहस्रचंद्रदर्शनाचं आम्हाला सुचलंच नव्हतं. आता एकच अडचण. एक डेकोरेशनवाला सराईतल्या दहा तारखा देतो म्हणतो, पण पैसे सराई संपल्यावर, आणि पहिल्या दोन तारखा "ओळख म्हणून" फुकट. घ्यावं का?

पार्टीप्लॉट_वाघोडिया
नाही. फुकटची तारीख म्हणजे तुमच्या खिशातून कागद, टेम्पो आणि मुलांची मजुरी. दहा तारखा उधारीवर घेतल्यात तर तुमचे दोन लाख त्याच्या धंद्यात वापरले जातील, आणि पुढचा रोल आणायला तुमच्याकडे पैसे नसतील. कमिशन 15 चे 20 टक्के करा हवं तर, पण पैसे रोखीचे.

कॅमेराबाई
आणि बोलणं झालं की लगेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा: तारीख, जागा, बूथ किती ते किती, प्रिंट किती, जादा तासाचा दर, वीज आणि टेबल कोण देणार, निम्मे पैसे तारीख धरताना आणि उरलेले बूथ सुरू व्हायच्या आधी. समोरून "ओके" आल्याशिवाय तारीख वहीत लिहू नका. पाहुण्यांचे, विशेषतः मुलांचे फोटो तुमच्या पेजवर टाकायचे असतील तर यजमानांची परवानगीही त्याच मेसेजमध्ये मागा. डोहाळजेवणाचं पहिलं काम हवं असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, पुढच्या महिन्यात दांडिया बाजारात एक आहे आणि त्या दिवशी मी दुसरीकडे अडकले आहे.